बरणी फुटली की फोडली?

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या घरात दोन गोष्टी हमखास होतात. माळ्यावरचे डबे खाली येतात आणि खाली येणाऱ्या वस्तूंपैकी एखादी फुटते. यंदा एखादा कप जाईल, फार तर काचेचे एखादे भांडे जाईल, अशी माझ्या मनाची तयारी होती. पण यंदा दिवाळीने मोठाच नैवेद्य मागितला. आजीची बरणी फुटली.

चिनीमातीची, वरून तपकिरी, खालून पांढरी, वर्षाचे लोणचे सहज मावेल अशी ती बरणी होती. मी बाहेरच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसले होते. आतून आवाज झाला आणि पाठोपाठ आवाजापेक्षाही मोठी शांतता पसरली. ज्यांच्या घरात मुले आहेत त्यांना या शांततेचा अर्थ सांगायला नको. मग कन्यारत्न दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आई, बरणी फुटली."

यावर कुठलीही शहाणी आई आधी विचारील, "तुला लागलं नाही ना?" पण मी पडले मराठीची प्राध्यापिका! वीस वर्षे वर्गात व्याकरण शिकवून माझी जीभ एका ठराविक वळणावर गेली आहे. माझ्या तोंडून निघाले, "फुटली, की फोडलीस?"

लेक दोन क्षण गप्प राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "स्पॅनिशमध्ये याला तिसरं वाक्य आहे."

परदेशी भाषा शिकण्याची हौस पुण्याला जुनीच आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी जर्मनच्या नाहीतर फ्रेंचच्या वर्गाला जाणारी माणसे आमच्या पिढीत घरोघर असत. आता आमच्या घरात स्पॅनिश आली आहे. त्यामुळे सकाळचा चहा आणि स्पॅनिशची क्रियापदे ही एकदमच उकळतात.

त्या दिवशी तुकडे गोळा करता करता तिने मला जो धडा दिला, तो असा. स्पॅनिशमध्ये 'रोंपेर' म्हणजे फोडणे. 'मी ग्लास फोडला' असे सरळ सांगता येते. पण 'ग्लास फुटला' म्हणायचे झाले तर वेगळे क्रियापद नाही. त्याच क्रियापदाला 'से' म्हणजे 'आपल्याला आपण' हा शब्द जोडायचा. 'से रोंपिओ' म्हणजे ग्लासाने आपल्याला आपणच फोडून घेतले! आणि तिसरे वाक्य ते हे : 'से मे रोंपिओ'. मधे नुसता एक 'मे' घातला. 'मे' म्हणजे मला. ग्लास फुटला खरा, पण तो माझ्या बाबतीत फुटला. मी मुद्दाम फोडला नाही, पण मी तिथे नव्हते असेही नाही.

"अगं, मग आपल्याकडे काय नाही का?" मी म्हटले. "माझ्या हातून फुटली!"

"तेच!" लेक म्हणाली. "तेच म्हणणार होते मी. तू बोलू कुठे दिलंस?"

खरे सांगायचे तर मला लाज वाटली, पण प्राध्यापकाची लाज फार वेळ टिकत नाही. तिची जागा लगेच कुतूहल घेते. रात्री तिचे पुस्तक घेऊन बसले आणि मला गंमतच वाटू लागली. स्पॅनिशमध्ये 'सेंतार' म्हणजे बसवणे आणि बसणे म्हणजे 'सेंतार्से', स्वतःला बसवणे. 'लेबांतार' म्हणजे उचलणे किंवा उठवणे आणि सकाळी अंथरुणातून उठणे म्हणजे 'लेबांतार्से', स्वतःला उठवणे. आमच्या घरी हे दुसरे क्रियापद कोणी चालवत नाही. सगळ्यांना मलाच उठवावे लागते.

आपली मराठी याच्या नेमकी उलट चालते. आपल्याकडे मूळ क्रियापद 'बसणे', 'उठणे'. दुसऱ्याला ती क्रिया करायला लावायची तर मधे एक 'व' घालायचा : बसवणे, उठवणे. त्यांच्याकडे क्रिया आधी दुसऱ्यावर होते आणि मग 'से' लावून ती स्वतःकडे वळवावी लागते. आपल्याकडे माणूस आधी आपला आपण बसलेलाच असतो. दुसऱ्याला बसवायचे की नाही हे नंतर ठरवतो.

शिवाय आपल्याकडे जोड्या आहेत. पडणे आणि पाडणे, गळणे आणि गाळणे, जळणे आणि जाळणे, मरणे आणि मारणे. नुसता एक काना आला की कर्ता दारात हजर होतो! आणि एक घराणे तर याहून मौजेचे आहे. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, फाटणे-फाडणे, फिटणे-फेडणे. आपोआप होते तिथे 'ट', कोणी करते तिथे 'ड'. हा काही योगायोग नव्हे. संस्कृतात 'स्फोटयति' म्हणजे फोडतो. त्यातला दोन स्वरांमधला एकटा 'ट' प्राकृतात येता येता मऊ होऊन 'ड' झाला. 'फुटतो' याचे प्राकृत रूप मात्र 'फुट्टइ'. तिथे 'ट'ला जोडीदार होता, म्हणून तो टिकला. एकटा होता तो विरघळला, जोडीने होता तो तगला. संसारी वाचकांनी यातून हवा तो बोध घ्यावा.

काही क्रियापदे मात्र दोन्ही डगरींवर हात ठेवतात. 'दूध सांडले' आणि 'तिने दूध सांडले'. 'छत्री मोडली' आणि 'त्याने छत्री मोडली'. 'किल्ली हरवली' आणि 'यांनी किल्ली हरवली'. आमच्या व्याकरणात यांना 'उभयविध' असे भारदस्त नाव आहे. घरातल्या निम्म्या भांडणांचे मूळ या उभयविध क्रियापदांत आहे, असे माझे मत झाले आहे. 'किल्ली हरवली' या दोन शब्दांनंतर नवरा-बायको एकमेकांकडे पाहतात ते त्या वाक्यातला गाळलेला कर्ता शोधण्यासाठीच!

मराठीचे व्याकरण दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये लिहिले. मोरो केशव दामल्यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ १९११ मध्ये आला. हे दामले म्हणजे केशवसुतांचे धाकटे भाऊ. एका भावाने मराठी कवितेला नवे वळण लावले आणि दुसऱ्याने मराठी वाक्याचा सांधा न् सांधा तपासला. या थोर मंडळींनी क्रियापदांचे सकर्मक, अकर्मक, प्रयोजक असे वर्ग लावून दिले. ते वर्ग मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले. पण व्याकरणाची खरी परीक्षा फळ्यापाशी होत नाही. ती वर्गाच्या दारापाशी होते.

विद्यार्थी दारात उभा राहून म्हणतो, "मॅडम, उशीर झाला." उशीर आपला आपण झाला. त्याने केला नाही. "निबंध राहिला." "वही हरवली." "कालचा तास बुडाला." तास काय मुळा-मुठेच्या पात्रात पोहायला गेला होता? बुडाला नाही बाबा, तू बुडवलास! आणि निकालाच्या दिवशी तर हे व्याकरण शिखर गाठते. तोच मुलगा म्हणतो, "मराठीत पास झालो. पण इंग्रजीत त्यांनी मला नापास केलं." यशाचे क्रियापद अकर्मक, आपल्यापुरते आटोपशीर. अपयश आले की ताबडतोब कर्ता सापडतो आणि तो नेहमी दुसराच असतो.

मुलांना हसायला नको. आपण मोठी माणसे हेच करतो. कचेरीतली फाईल गहाळ होते, ती कोणी गहाळ केलेली नसते. नवा रस्ता खचतो, पूल कोसळतो, पैसे अडकतात, निर्णय लांबतो. 'चूक झाली' हे आपल्या सार्वजनिक जीवनातले सर्वांत लाडके वाक्य आहे. चूक होते, जसे उजाडते किंवा मावळते तशी! निसर्गच तो, त्याला कोण काय करणार?

हे मला पहिल्यांदा समजावून सांगितले ते आजीने. तिने व्याकरण म्हणून कधी पुस्तक उघडले नव्हते. तिचे बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्यात तळमजल्यावर होते. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचे धरण फुटले. आंबी नदीवरचे ते मातीचे धरण पुरते बांधूनही झाले नव्हते, तोच त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून बांध सावरायची शर्थ केली. पण व्हायचे ते टळले नाही. ते पाणी खडकवासल्यावर आले आणि एकोणिसाव्या शतकातले ते जुने दगडी धरणही भगदाड पडून रिकामे झाले. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, पूल दिसेनासे झाले. खडकवासला गेल्यामुळे पूर ओसरल्यावर नळाला पाणी नाही, अशी शहराची विचित्र दशा झाली. वाड्यांतल्या विसरलेल्या विहिरी लोकांनी पुन्हा उपसल्या.

आजीचे सगळे गेले. शिवणाचे यंत्र गेले, लग्नातला शालू गेला, आजोबांच्या वह्या गेल्या. चौथ्या दिवशी चिखल उपसताना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक बरणी सापडली. गाळात गळ्यापर्यंत रुतून बसली होती, म्हणून वाहून गेली नाही. झाकणाचा पत्ता नव्हता. बाकी तिला टवकाही उडालेला नव्हता.

पुण्यात त्यानंतर बरीच वर्षे कालगणना 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतच्या नंतर' अशीच चाले. लहानपणी मी एकदा आजीला विचारले, "आजी, पानशेत फुटलं तेव्हा तू काय करत होतीस?" आजी लोणच्याला फोडी करत होती. विळीवरचा हात थांबवून म्हणाली, "फुटलं नको म्हणूस. भांडं फुटतं. धरण फुटू देतात."

तेव्हा मला काही कळले नाही. पुढे सरकारने चौकशीसाठी आयोग नेमल्याचे वाचले. आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे ते काम होते. तेव्हा लक्षात आले की चौकशी आयोग म्हणजे दुसरे तिसरे काही नसून एका अकर्मक क्रियापदाचा कर्ता शोधण्याचा खटाटोप आहे. 'धरण फुटले' या वाक्यात जो दिसत नाही तो कोण, एवढाच प्रश्न असतो. आणि आजीने या प्रश्नाला मराठीतले चौथे वाक्य देऊन ठेवले होते. फुटली, फोडली, माझ्या हातून फुटली आणि हे चौथे : फुटू दिली. हाताने काही केले नाही, पण जे करायला हवे होते तेही केले नाही. या 'ऊ देणे'त जेवढा हिशेब आहे तेवढा 'फोडण्या'तही नाही.

आता मनात आलेली एक गोष्ट सांगते. ती व्याकरणात कुठे लिहिलेली नाही.

पाहुण्यांच्या मुलाच्या हातून आपल्या घरचा कप फुटतो. आई खजील होते, मुलावर डोळे वटारते. तेव्हा घरची गृहिणी काय म्हणते? "फुटला, फुटू द्या हो! जुनाच होता." कप गेल्या आठवड्यात तुळशीबागेतून आणलेला असतो. पण ती 'फोडला' म्हणत नाही. तिच्या तोंडचे 'फुटला' आणि त्या मुलाच्या तोंडचे 'फुटला', शब्द एकच. पण ज्याचे नुकसान झाले त्याने तो उच्चारला की तो क्षमा होतो आणि ज्याने नुकसान केले त्याने उच्चारला की पळवाट होतो.

संस्कृतात क्रियापदांना परस्मैपद आणि आत्मनेपद अशी दोन घरे आहेत. ऋत्विज यज्ञ करतो तो यजमानासाठी, म्हणून त्याचे क्रियापद परस्मैपदी, दुसऱ्यासाठी. यजमान स्वतः यज्ञ करतो तेव्हा फळ त्याचे, म्हणून आत्मनेपदी, आपल्यासाठी. मराठीत ही घरे उरली नाहीत, पण 'लिहून देते' आणि 'लिहून घेते' यांत त्यांची सावली आहे. मला वाटते, दोषाच्या बाबतीतही अशी वाटणी करावी. सकर्मक क्रियापद आपल्यासाठी ठेवावे, अकर्मक दुसऱ्यासाठी. 'मी फोडली' आणि 'तुझ्याकडून फुटली'. आपण नेमके उलट करतो, म्हणून घरे कडू होतात.

आणि मराठी वाक्य या कामी किती मदत करते पाहा! 'मी पडले' म्हटले की क्रियापद माझ्याकडे पाहते. मी बाई आहे हे त्यावरून कळते. पण 'मी बरणी फोडली' म्हटले की क्रियापद माझ्याकडे पाहतच नाही. कप असता तर 'फोडला', भांडे असते तर 'फोडले', बरणी म्हणून 'फोडली'. कर्मणी प्रयोग म्हणून आपण हे घोकतो. कबुली देताना मराठी आपल्याला सांगते, तू कोण आहेस ते सोड, जे फुटले त्याच्याकडे बघ.

हे सारे मला कळते. वर्गात सांगताही येते. पण त्या रात्री तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळताना मला जे आठवत होते, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

बाबा गेले त्यानंतर आम्ही भावंडांनी घरातले सामान वाटून घेतले. दादाने काहीच मागितले नाही. शेवटी निघताना म्हणाला, "आजीची बरणी मला दे." आणि मी म्हणून गेले, "तुमच्याकडे लोणचं घालतंय कोण?" वहिनी शेजारीच उभ्या होत्या. दादा काही बोलला नाही. पायात चपला सरकवून जिना उतरला.

त्याला दोन वर्षे झाली. दादा कोथरूडला राहतो, रिक्षाने वीस मिनिटांवर. कोणी विचारले की मी सांगत असे, "हल्ली येणं-जाणं थांबलंय." थांबलंय! आपले आपण! आणि ज्या लोणच्यासाठी मी बरणी ठेवून घेतली, ते त्या दोन वर्षांत एकदाही तिच्यात पडले नाही. बरणी डोळ्यांसमोर नको म्हणून मीच ती माळ्यावर टाकली. माळा भरलेला होता, म्हणून ती अगदी कडेला, सोऱ्याच्या डब्याला टेकून ठेवली. लेकीने चकल्यांसाठी सोऱ्याचा डबा ओढला. तिने काय फोडले?

सकाळी मी लेकीला जवळ घेतले आणि आदल्या दिवशी विचारायला हवे होते ते विचारले. बोटाला थोडे लागले होते. मला सांगितले नव्हते.

मग फोन घेऊन गॅलरीत गेले. दादाने 'हॅलो' म्हटले आणि मला वाक्यच सुचेना. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला एक साधे वाक्य सुचेना! शेवटी म्हटले, "दादा, आजीची बरणी... मी ती फुटू दिली. तुला द्यायला हवी होती. आणि वहिनींना बोलले तेही..."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग दादाने घसा खाकरला.

"फुटली का? फुटायचीच गं ती. पुरातली होती, किती दिवस टिकणार?" तो म्हणाला. मग थोडे थांबून, "तुकडे टाकू नकोस. मी भाऊबीजेला येतोय, तेव्हा बघू."